भाषांतर-आशुभाषांतराच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र : १५ तासिकांत काय शिकवावं, काय गाळावं?

लेखणी_हेडफोन

पदव्युत्तर भाषांतर व आशुभाषांतर (बोललेल्याचं तिथल्या तिथं तोंडी भाषांतर) अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात 'अर्थशास्त्राची तोंडओळख' हा विषय आहे. १५ तासिका, प्रत्येकी ९० मिनिटं. विद्यार्थी १८, बहुतेक सगळे भाषा-साहित्याकडून आलेले, गणित शाळेबरोबरच सुटलेलं. भाषा इंग्रजी-मराठी, दोन्ही दिशांनी.

सध्याचा आराखडा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकावरून जवळपास जसाच्या तसा उचललेला आहे. दुर्मिळता, उपयोगिता, समवृत्ती वक्र (ग्राहकाला सारखंच समाधान देणाऱ्या वस्तू-जोड्यांची रेघ), बाजाराचे प्रकार, असं करत राष्ट्रीय उत्पन्न अकराव्या तासिकेला उगवतं आणि मध्यवर्ती बँक चौदाव्या. विद्यार्थ्यांच्या हातात पुढे पडणार ती पतधोरणाची निवेदनं, अर्थसंकल्पी भाषणं, कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचे आढावे. यांतल्या एकातही समवृत्ती वक्र भेटत नाही.

दुखणं कळावं म्हणून पतधोरणाच्या निवेदनातल्या एका वाक्याचं वर्गातून आलेलं भाषांतर देतो : 'महागाई ३० टक्क्यांनी कमी होऊन ४.२ टक्के झाली, मात्र गाभा चिकट राहिला.' मुळात 'बेसिस पॉइंट' होतं आणि 'कोअर इन्फ्लेशन' होतं.

तीन प्रश्न. गाळायचं काय? आधी पारिभाषिक शब्द द्यावेत की आधी संकल्पना? आणि परीक्षा कशी घ्यावी?

साठा_की_प्रवाह

'गाभा चिकट राहिला' हे वाचून हसू येतं, पण त्या वाक्यातली सगळ्यात निरुपद्रवी चूक तीच आहे. वाचक अडखळतो, काहीतरी बिनसलंय हे त्याला कळतं. उरलेल्या दोन चुका गुळगुळीत आहेत आणि म्हणूनच वाईट. ३० बेसिस पॉइंट म्हणजे ०.३० टक्केबिंदू. दर ४.५ वरून ४.२ वर आला. '३० टक्क्यांनी' म्हटलं की तो आधी ६ होता असा अर्थ होतो. आणि 'महागाई कमी झाली' ऐकणाऱ्याला वाटतं भाव उतरले, प्रत्यक्षात ते चढतच आहेत, फक्त चढण्याचा वेग मंदावलाय. हे वाक्य असं हवं होतं : 'भाववाढीचा दर ०.३० टक्केबिंदूंनी उतरून ४.२ टक्क्यांवर आला. अन्न व इंधन वगळून मोजलेला दर मात्र फारसा हललेला नाही.'

शब्दसूचीनं 'गाभा'ची चूक सुटते, उरलेल्या दोन सुटत नाहीत. म्हणून माझं मत असं, की प्रकरणांची यादी सोडा आणि अभ्यासक्रम चार जोड्यांवर उभा करा : साठा आणि प्रवाह, पातळी आणि दर, चालू किंमत आणि स्थिर किंमत (भाववाढीसह आणि भाववाढ वगळून), टक्का आणि टक्केबिंदू. यांना पहिल्या सहा तासिका सरळ देऊन टाका.

पातळी आणि दर यांसाठी फळ्यावर एक निर्देशांक लिहा : १००, ११०, ११५.५, ११३.२. चार वर्षांचे चार आकडे. विद्यार्थ्यांनी प्रत्येक वर्षासमोर दोन प्रश्नांची उत्तरं 'हो' किंवा 'नाही' अशी लिहायची. भाव वाढले का? भाववाढीचा दर वाढला का? तिसऱ्या वर्षी पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, कारण दर १० वरून ५ टक्क्यांवर आला. चौथ्या वर्षी दर उणे २ च्या आसपास, म्हणजे इथं खरोखर भाव उतरले. तरीही पहिल्या वर्षाच्या मानानं ते १३ टक्क्यांनी चढेच आहेत. मग याच चार आकड्यांवर प्रत्येकानं मराठीत चार वाक्यं लिहायची, 'महागाई' हा शब्द न वापरता. तो शब्द काढून घेतला की विचार करावाच लागतो.

साठा-प्रवाहाची कसोटी सोपी आहे. आकड्याला 'अमुक तारखेला' जोडून पाहा, मग 'अमुक काळात' जोडून पाहा. तारीख चालली तर साठा, काळ चालला तर प्रवाह. कर्ज, परकीय चलनसाठा, बेरोजगारांची संख्या हे साठे. तूट, निर्यात, उत्पन्न हे प्रवाह. कर्ज ५०० आहे, यंदाची तूट ४०, तर कर्ज ५४०. पुढच्या वर्षी तूट निम्म्यावर आणली, २० केली, तरी कर्ज ५६० होतं. 'सरकारनं तूट निम्मी केली' याचं 'कर्ज निम्मं केलं' असं भाषांतर का होतं, ते या तीन आकड्यांत दिसतं. वार्षिक अहवालही याच कसोटीनं उघडतो : ताळेबंदावर तारीख छापलेली असते, नफा-तोटा पत्रकावर काळ. अहवालासाठी वेगळं प्रकरण लागत नाही, एक तासिका पुरते.

वाढीच्या दराबद्दल एक खाच आवर्जून दाखवा. तिमाहीत उत्पादन आधीच्या तिमाहीपेक्षा ०.५ टक्क्यानं वाढलं आणि हाच वेग वर्षभर टिकला असं धरलं, तर वार्षिक दर २ टक्के निघतो. अमेरिकेचे तिमाही आकडे असे वार्षिक दरात रूपांतरित करून दिले जातात. युरो क्षेत्राचे मथळ्यातले तिमाही आकडे तसे केलेले नसतात. मूळ मजकुरातले 'वार्षिक दराने' हे दोन शब्द जड वाटतात म्हणून विद्यार्थी गाळतो, आणि दोन अर्थव्यवस्थांची तुलना चौपट चुकते.

गाळायचं म्हणाल तर समवृत्ती वक्र, खर्चवक्र, मक्तेदारीतला समतोल, उपयोगितेची कोष्टकं.

बूथ_दोन

वरच्याशी सहमत. आशुभाषांतराच्या बाजूनं भर घालतो.

आकडा कधी एकटा नसतो. कशाचा, किती, कोणत्या एककात, कोणत्या दिशेनं, कशाच्या तुलनेत, असं पाचांचं कुटुंब असतं. टिपणवहीत हे पाचही एका ओळीत उतरले पाहिजेत. विद्यार्थी आकडा अचूक टिपतात आणि तो कशाचा होता तेच विसरतात, मग तो अचूक आकडा कुचकामी.

आकड्यांसाठी स्वतंत्र तासिका ठेवू नका. प्रत्येक तासिकेची पहिली १० मिनिटं ठेवा. एका दिवशी दीड तास घोटून काही टिकत नाही.

एककांच्या बदलाचं घोकंपट्टीनंच करायचं, तिथं समजुतीचा प्रश्न नाही :
मिलियनचा आकडा भागिले १० म्हणजे कोटी. ३,४५० मिलियन म्हणजे ३४५ कोटी.
बिलियनचा आकडा गुणिले १०० म्हणजे कोटी. ४.७ बिलियन म्हणजे ४७० कोटी.
ट्रिलियनचा आकडा तसाच ठेवायचा आणि पुढे 'लाख कोटी' म्हणायचं. २.३ ट्रिलियन म्हणजे २.३ लाख कोटी. ०.८५ ट्रिलियन आलं की मात्र गाडी अडते, ते ८५ हजार कोटी.
बिलियनला 'अब्ज' म्हटलं तर गणितच करावं लागत नाही आणि लिखित मजकुरात ते उत्तम. ऐकणाऱ्याला मात्र बहुधा कोटीत चटकन अंदाज येतो. श्रोते कोण ते पाहून आधीच ठरवा आणि एका भाषणात एकच पद्धत ठेवा. मधेच अब्ज आणि मधेच कोटी आले की श्रोत्याला दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

रिलेवर (म्हणजे दुसऱ्या दुभाष्याच्या भाषांतरावरून) काम असेल तर आणखी एक खड्डा आहे. फ्रेंच आणि जर्मनमध्ये 'बिलियन'सारखा ऐकू येणारा शब्द म्हणजे १ वर १२ शून्यं, आपला लाख कोटी. बिलियनला त्यांच्याकडे 'मिलियार' किंवा 'मिलियार्डे'. ब्रिटिश सरकारनं १९७४ मध्ये अमेरिकी पद्धत स्वीकारली, त्यामुळे त्याआधीचा ब्रिटिश दस्तऐवज हाती आला तर 'बिलियन' कोणता हे संदर्भावरून ठरवावं लागतं.

मराठीतून इंग्रजीत जाताना अडचण उलटी असते. आपल्या संख्यावाचक शब्दात एकक आधी येतं आणि दशक नंतर. 'सत्तेचाळीस'मधला सात आधी कानावर पडतो. त्यातून 'एकोण' म्हणजे सापळाच. 'एकोणऐंशी' ऐकताना 'ऐंशी' ठळक ऐकू येतं आणि हात ८ लिहून मोकळा होतो. २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९ हे सहा आकडे उलटसुलट करून रोज एकदा घ्या. (८९ 'नव्याऐंशी' असं ऐकू आलं तर हा त्रास नाही, 'एकोणनव्वद' आलं तर आहे. 'नव्व्याण्णव'मध्ये एकोण नाहीच.)

'पावणेपाच टक्के' म्हणजे ४.७५. घाईत 'पाच' आणि 'पाव' एवढंच डोक्यात राहतं आणि ५.२५ बाहेर पडतं. 'सव्वाशे कोटी' म्हणजे १२५ कोटी, १.२५ बिलियन. 'अडीच हजार', 'पाऊण लाख' हेही यादीत घाला. उलट दिशेनं हेच शब्द दुभाष्याला वेळ मिळवून देतात. मध्यवर्ती बँकांचे दर बहुधा पावपावच्या पायऱ्यांनी हलतात, तेव्हा 'सव्वाचार', 'साडेचार' तोंडात तयार असलं की एक श्वास वाचतो. मात्र ४.२६ ला सव्वाचार म्हणायचं नाही.

मागे पडलात तर क्रम असा : आधी दिशा, मग आकड्याचा आवाका, मग नेमके अंक. 'चारशे कोटींहून अधिक वाढ' हे खरं असेल तर ते चालतं. अंदाजानं अंक भरणं चालत नाही. आणि सायमल्टेनिअसमध्ये (वक्ता बोलत असतानाच चालणाऱ्या भाषांतरात) शेजारच्यानं आकडे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पुढे सरकवायचे, ही सवय वर्गातच लावा. जोडीनं बसवा आणि विश्रांती घेणाऱ्यालाही त्या कामाचे गुण द्या.

मागणीवक्र

अर्थशास्त्राच्या बाजूनं थोडी तक्रार आहे. समवृत्ती वक्र खुशाल काढा, कुणी रडणार नाही. पण चार जोड्या शिकवून झाल्या की विद्यार्थ्याला आकडा वाचता येईल, कार्यकारण वाचता येणार नाही. भाषांतरात कार्यकारण उलटणं ही आकडा चुकण्याइतकीच मोठी चूक आहे.

म्हणून मागणी-पुरवठ्याच्या एका आकृतीला दोन पूर्ण तासिका द्या. हे वाक्य फळ्यावर लिहून सुरुवात करा : 'किंमत वाढल्यानं मागणी घटली, आणि मागणी घटल्यानं किंमत उतरली.' पटण्यासारखं वाटतं आणि डोकं गरगरतं. वाक्यात 'मागणी' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी आलाय. पहिल्या वेळी आपण त्याच मागणीवक्रावर (कोणत्या किमतीला किती खरेदी होते ती रेघ) वर सरकलो, दुसऱ्या वेळी अख्खा वक्रच डावीकडे सरकल्याचा दावा आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत याला स्वच्छ वेगळे शब्द आहेत : किमतीमुळे झाला तर मागणीचा विस्तार किंवा संकोच, इतर कारणांनी (उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूची किंमत) झाली तर मागणीतील वृद्धी किंवा ऱ्हास. इंग्रजी बातमीत दोन्हीकडे एकच शब्द येतो. इथं मराठी अधिक नेमकी आहे, तिचा फायदा घ्या. बातमीच्या मराठीत 'संकोच' विचित्र वाटेल हे मान्य, तिथं 'महागल्यामुळे खरेदी कमी झाली' असं लिहावं. पण कोणता अर्थ आहे ते मनात पक्कं हवं.

राष्ट्रीय उत्पन्नाला दोन तासिका. उपभोग अधिक गुंतवणूक अधिक सरकारी खर्च अधिक निर्यात वजा आयात, एवढं एक समीकरण. आयात वजा का होते हे नीट सांगा. ती अर्थव्यवस्थेचं नुकसान करते म्हणून नव्हे. उपभोगात आणि गुंतवणुकीत परदेशी माल आधीच मोजला गेलेला असतो आणि तो इथलं उत्पादन नाही, म्हणून. हे न सांगितल्यास 'आयातीमुळे उत्पन्न घटतं' असं वाक्य भाषांतरात शिरतं. शिवाय या समीकरणातली 'गुंतवणूक' म्हणजे यंत्रं, इमारती, मालसाठा. शेअर विकत घेणं नव्हे.

मग मध्यवर्ती बँक, रोखे आणि विनिमय दर यांना तीन. रोख्यांचं गणित आकड्यानंच दाखवा. दर्शनी किंमत १००, वर्षाला व्याज ५. बाजारात तो रोखा ९५ ला मिळाला तर चालू परतावा (व्याज भागिले बाजारभाव) ५.२६ टक्के, १०५ ला घेतला तर ४.७६. म्हणजे 'परतावा वाढला' आणि 'रोखे वधारले' या परस्परविरुद्ध बातम्या आहेत. हे एकदा हातानं मोजलं की विसरत नाहीत.

विनिमय दरात आलेखच फसवतो. एका डॉलरला १०० येन मिळत होते, आता १५० मिळतात. रेघ वर गेली, येन खाली आला. आणि टक्केवारीही दोन बाजूंनी वेगळी : डॉलर ५० टक्क्यांनी वधारला, येन ३३.३ टक्क्यांनी घसरला. दोन्ही बरोबर. 'येन ५० टक्क्यांनी घसरला' हे मात्र चूक.

मध्यवर्ती बँकेच्या भाषेतलं 'हॉकिश' म्हणजे 'आक्रमक' असं सर्रास होतं. बँक आक्रमकपणे दर कापूही शकते, तेव्हा अर्थ नेमका उलटा होतो. 'भाववाढ रोखण्यावर भर देणारा कडक पवित्रा' किंवा नुसतं 'दर चढे ठेवण्याकडे कल' म्हणा.

बेरोजगारीबद्दल एकच उदाहरण. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या निकषानुसार संदर्भ आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास काम केलेला माणूसही 'रोजगारात' मोजतात. बेरोजगार ठरायला तीन अटी : काम नसणं, कामासाठी उपलब्ध असणं आणि नुकत्याच काळात काम शोधलेलं असणं. आता श्रमशक्ती १००, त्यात बेरोजगार १०, दर १० टक्के. चौघांनी कंटाळून शोधणं थांबवलं. श्रमशक्ती ९६, बेरोजगार ६, दर ६.२५ टक्के. नोकऱ्या पूर्वीइतक्याच, ९०. 'बेरोजगारीचा दर उतरला' याचं 'अधिक लोकांना काम मिळालं' असं 'सोपं' भाषांतर का करायचं नाही, ते यावरून.

शब्दचाळण

शब्द आधी की संकल्पना आधी, यावर कुणीच थेट बोललं नाही. संकल्पना आधी, पण त्याच तासिकेत शब्द. आठवड्यानं दिलेली यादी म्हणजे पाठांतर.

यादी लहान ठेवा. सत्राला १२० नोंदी पुष्कळ झाल्या. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी : मूळ शब्द, तो कोणत्या प्रकारच्या मजकुरात भेटला, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मराठीत अर्थ, 'हा अर्थ नव्हे' असा रकाना आणि एक पूर्ण वाक्य. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो. काही नमुने :

'चलनवाढ' हा शब्द पाहा. शब्दशः तो चलन वाढण्याबद्दल आहे, म्हणजे भाव का वाढतात याचा एक सिद्धान्तच शब्दात बसलाय. मोजतात मात्र किमती. 'चलनवाढ चलनपुरवठ्यामुळे झालेली नाही' असं वाक्य आलं की भाषांतर हास्यास्पद दिसतं. तिथं 'भाववाढ' वापरा. बोलण्यात 'महागाई' ठीक, पण तो शब्द पातळी आणि दर दोन्हींसाठी चालतो, म्हणून आकडा जोडताना 'महागाईचा दर' पूर्ण म्हणा.

'नॉमिनल' (भाववाढ न वगळता मोजलेला) म्हणजे कोशात 'नाममात्र'. मराठी वाचकाला 'नाममात्र व्याजदर' म्हणजे अगदी किरकोळ व्याज. 'नाममात्र व्याजदर १२ टक्के' हे वाचून तो चक्रावतो. व्याजासाठी 'दर्शनी दर', उत्पादनासाठी 'चालू किमतींनुसार' आणि वेतनासाठी 'पैशातील वेतन' लिहा. जोडीला 'वास्तव दर', 'स्थिर किमतींनुसार', 'वास्तव वेतन'.

'डिप्रिसिएशन' यंत्राचं असेल तर घसारा, चलनाचं असेल तर घसरण. 'चलनाचा घसारा' हे यादी पाठ केल्याचं लक्षण. आणि 'अवमूल्यन' फक्त तेव्हाच, जेव्हा शासन किंवा मध्यवर्ती बँक ठरवून दर खाली आणते. बाजारात आपोआप झालेल्या घसरणीला अवमूल्यन म्हटलं की तुम्ही सरकारवर एक निर्णय लादला.

'मार्जिनल' तीन ठिकाणी तीन : मार्जिनल कॉस्ट म्हणजे सीमांत खर्च (आणखी एक नग बनवायला येणारा), मार्जिनल राइज म्हणजे किरकोळ वाढ, मार्जिनल फार्मर म्हणजे अत्यल्पभूधारक शेतकरी. 'निर्यातीत सीमांत वाढ' असं वाक्य दिसलं की समजायचं.

'अनुदान' सबसिडीलाही आणि ग्रँटलाही. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर एकाला 'अर्थसहाय्य' करा आणि पहिल्या उल्लेखात कुणाला, कशासाठी ते उघड लिहा.

'रेंट-सीकिंग'चं 'भाडे शोधणे' करणाऱ्याला दोष देऊ नये, चूक पुढे गेल्यावर कळते. अर्थशास्त्रात भूमीचा मोबदला तो खंड, पण इथं 'खंड' लिहूनही वाचकाला काही उमगणार नाही. 'काही निर्माण न करता वजन वापरून लाभ पदरात पाडणे' असं एकदा उलगडावं आणि पुढे 'आयती लाभखोरी'सारखा छोटा शब्द चालवावा.

ऐकताना गोंधळणारी एक जोडी बूथवाल्यांसाठी : 'लवचीक' आणि 'अलवचीक' (किंमत बदलली की बरीच बदलणारी आणि फारशी न बदलणारी मागणी). माईकवर तो 'अ' हरवतो. 'ताठर मागणी' म्हणा.

'मंदी'चा अर्थ मात्र पक्का द्या : सलग दोन तिमाह्या उत्पादन घटलं की मंदी. शेअर बाजारातली मंदी वेगळी, महामंदी वेगळी आणि नुसता वेग कमी होणं म्हणजे 'मंदगती', मंदी नव्हे.

मागणीवक्र

@शब्दचाळण, शेवटचं तेवढं सैल करा. दोन तिमाह्या हा ठोकताळा आहे, व्याख्या नव्हे. अमेरिकेत मंदी कधी सुरू झाली, कधी संपली हे एनबीईआर (नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च) या संस्थेची समिती रोजगार, उत्पन्न, उत्पादन, विक्री असं बरंच काही पाहून ठरवते. २०२० ची मंदी तिनं फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची ठरवली. ती नेमकी किती काळ चालली हे तुमच्या नियमानं कळलंच नसतं. मूळ मजकुरात 'टेक्निकल रिसेशन' असेल तर 'सलग दोन तिमाह्यांच्या घटीमुळे मंदी' असं उलगडावं. 'तांत्रिक मंदी' वाचून यंत्रं बंद पडल्यासारखं वाटतं.

शब्दचाळण

मान्य. 'हा अर्थ नव्हे' रकान्यात आधी माझंच वाक्य टाकतो.

लेखणी_हेडफोन

सगळ्यांचे आभार. हिशेब केला : जोड्या ६, मागणी-पुरवठा २, राष्ट्रीय उत्पन्न २, मध्यवर्ती बँक-रोखे-विनिमय ३, वार्षिक अहवाल १. एक उरली, ती परीक्षेला. परीक्षेचं मात्र अजून अडलेलंच. जुन्या प्रश्नपत्रिकेत 'व्याख्या लिहा' आणि 'टीप लिहा' होतं. त्यात सगळे पास, आणि भाषांतरं वर दिल्यासारखी.

लाल_शाई

व्याख्या विचारूच नका. ९० मिनिटांत तीन भाग बसतात.

पहिला भाग, ३० मिनिटं. तयार मराठी भाषांतर द्या, साधारण ३०० शब्दांचं, त्यात आठ चुका पेरलेल्या. पहिली १५ मिनिटं मूळ मजकूर द्यायचा नाही. निम्म्या चुका मराठी वाचूनच सापडल्या पाहिजेत : 'तूट ४.५ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर घसरली', 'परतावा वाढल्यानं रोखे तेजीत', '३१ मार्चची निर्यात'. संकल्पना समजलीय की नाही हे इथं उघडं पडतं. मग मूळ मजकूर वाटा आणि उरलेल्या शोधायला लावा. यंत्राकडून आलेला मसुदा घेऊन त्यात भर घातली तरी चालतं, पुढे पोटापाण्याचं कामही बरंचसं तसंच असणार आहे.

दुसरा भाग, ४० मिनिटं. एक कोष्टक, पाच ओळी, चार रकाने, त्यावर १५० शब्दांचं मराठी टिपण. मूळ वाक्यच नसल्यानं शब्दाला शब्द ठेवण्याची पळवाट बंद. कोष्टकाच्या तळटीपेत मुद्दाम 'हंगामी चढउतार वगळून' किंवा 'तात्पुरते अंदाज' असं काही ठेवा आणि ते टिपणात आलं का तेवढं पाहा.

तिसरा भाग, उरलेली २० मिनिटं. तीन मिनिटांचं भाषण, त्यात १२ आकडे, मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास. आशुभाषांतरवाल्यांनी ध्वनिमुद्रण करायचं, भाषांतरवाल्यांनी त्याच भाषणाचं लिखित सारांश-भाषांतर.

गुण वजा करण्याचं प्रमाण आधीच जाहीर करा. दिशा उलटली तर ३, आवाका चुकला (कोटीचं लाख) तर ३, एकक किंवा तुलनेचा काळ चुकला तर २, कार्यकारण उलटलं तर ३. शब्द प्रमाण नाही पण अर्थ पोचतो, तर अर्धा. हे प्रमाण पाहून भाषेच्या प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील, कारण शुद्धलेखनाला त्यात जागाच नाही. ते गुण वेगळ्या रकान्यात द्या, या गुणांत मिसळू नका, नाहीतर सुरेख मराठीत लिहिलेली उलटी बातमी ६० टक्के घेऊन जाते.

चुका पेरताना एक काळजी घ्या : एका वाक्यात एकच. दोन पेरल्या तर पहिली सापडलेला विद्यार्थी समाधानानं पुढे जातो, आणि दुसरी त्याला कळलीच नव्हती की नुसती सुटली, ते तुम्हाला समजत नाही.

बूथ_दोन

तिसऱ्या भागासाठी अर्थसंकल्पी भाषण घेऊ नका. ते लिहून वाचलेलं असतं, वाक्यं लांब आणि आकडे एकावर एक, त्यात अनुभवी माणूसही गळतो. पतधोरणानंतरच्या पत्रकार परिषदेतली प्रश्नोत्तरं घ्या. बोलणारा थांबतो, अडतो, आकडा दुसऱ्यांदा सांगतो, कधी स्वतःच दुरुस्त करतो. ती दुरुस्ती विद्यार्थ्यानं पकडली का, याला एक गुण जास्तीचा ठेवा.

लेखणी_हेडफोन

प्रश्नोत्तरांत इंग्रजीतले अर्धेमुर्धे वाक्य सोडून देतात त्याचं काय करायचं?

बूथ_दोन

तेही तसंच अर्धं सोडायचं. 'दर कपातीबद्दल… हे पाहा, आकडे येऊ द्या' असं बँकेच्या प्रमुखानं म्हटलं असेल, तर त्याचं वाक्य आपण पूर्ण करून दिलं की त्यानं न दिलेलं आश्वासन त्याच्या तोंडी गेलं.